सर्व्हर जिवंत आहे, पण पावती निघत नाही: थ्रेड स्टार्व्हेशनचा अनुभव

काटेकरी (धागाकर्ता) · शनिवार, रात्री ११.२०

गळीत हंगाम संपला, डोकं जरा शांत झालंय, म्हणून आता लिहितो. थ्रेड म्हणजे प्रोग्रामच्या आतला एकेक कामकरी, आणि स्टार्व्हेशन म्हणजे उपासमार, कामाची पाळीच न येणं. आम्ही तिघं मिळून जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर सांभाळतो. ऑफिस सोलापुरात, सात रस्त्याजवळ. ऊस भरून गाडी येते, भरलेलं वजन होतं, यार्डात नंबर लागतो, गव्हाणीवर गाडी खाली होते, परत काट्यावर येऊन रिकामं वजन होतं आणि पावती निघते. त्याच वेळी शेतकऱ्याच्या मोबाईलवर वजनाचा मेसेज जातो. जावा, स्प्रिंग बूट, नेहमीचंच सामान.

जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत, रात्री दीडला काट्यावरच्या क्लार्कचा फोन आला. "दादा, वजन पडायलंय, पण पावती येईना झालीय." लॅपटॉप उघडला. सीपीयू चार टक्के. मेमरी मोकळी. डेटाबेस निवांत. लॉगमध्ये एकही एरर नाही. आणि बाहेर ट्रॅक्टरची रांग पार रस्त्यापर्यंत. रीस्टार्ट केला, धडाधड पावत्या निघाल्या. पहाटे साडेचारला परत फोन.

असं चार रात्री चाललं. त्या थंडीत बैलं जुवाखाली उभी, गाडीवान उसाच्या पाचटाची शेकोटी करून बसलेले, आणि मी घरून दर तीन तासांनी रीस्टार्ट मारत होतो. ते अजून मनाला लागतं.

पाचव्या रात्री रीस्टार्टच्या आधी जेस्टॅक हे जावाचं साधन चालवून थ्रेड डंप घेतला, म्हणजे त्या क्षणी प्रत्येक थ्रेड काय करतोय त्याची नोंद. हे पहिल्याच रात्री करायला हवं होतं, कारण रीस्टार्ट केला की पुरावाच पुसला जातो. डंपमध्ये आमच्या पूलचे (कामं वाटून घेणाऱ्या थ्रेडच्या गटाचे) आठच्या आठ थ्रेड "वेटिंग", आणि प्रत्येकाच्या स्टॅकवर फ्यूचरटास्कचं गेट. आठही जण कुणाच्या तरी निकालाची वाट बघत बसलेले. कुणाच्या? त्याच पूलच्या रांगेत उभ्या असलेल्या कामांच्या.

झालं असं होतं. रिकामं वजन झालं की "वजन पूर्ण" हे काम पूलमध्ये जायचं. ते काम आतून आणखी दोन कामं त्याच पूलमध्ये टाकायचं, एक पावती तयार करायचं आणि एक मेसेज पाठवायचं, आणि दोन्ही होईपर्यंत थांबून राहायचं. आठ थ्रेड हा स्प्रिंग बूटचा मुळातला आकडा. तो बदलायचा असतो हे आमच्या गावीही नव्हतं. एरवी मेसेज अर्ध्या सेकंदात जायचा. त्या आठवड्यात मेसेज पाठवणाऱ्या कंपनीचा सर्व्हर रात्री मंदावायचा, चाळीस-चाळीस सेकंद घ्यायचा. आमच्या कोडमध्ये टाइमआउट, म्हणजे ठरावीक वेळेनंतर वाट बघणं सोडायची सोय, नव्हता.

हिशेब नंतर कागदावर मांडला तेव्हा डोळे उघडले. काटे चार, शिवाय फडावरच्या चिटबॉयच्या मोबाईलवरून येणाऱ्या नोंदी त्याच पूलमध्ये, त्यांचेही मेसेज. गर्दीत मिनिटाला साधारण १२ कामं, म्हणजे सेकंदाला ०.२. एका कामाला अर्धा सेकंद लागतो तोवर सरासरी ०.१ थ्रेड गुंतलेला असतो, म्हणजे पूल जवळजवळ रिकामाच. तेच काम ४० सेकंद घेऊ लागलं की ०.२ गुणिले ४०, बरोबर ८. हा लिटलचा नियम: आत किती जण अडकलेत, ते येण्याचा वेग गुणिले प्रत्येकाचा आत राहण्याचा वेळ. आठही जागांवर "वजन पूर्ण" बसलं की पावतीला आणि मेसेजला बसायला जागा नाही, आणि ते झाल्याशिवाय बसलेले उठणार नाहीत. पुढे मेसेजचा सर्व्हर सुधारला तरी आमचा पूल सुटत नाही.

चुका कबूल करतो, दुसऱ्या कुणाच्या कामी येतील. डंप बघून मी आधी पूलचा कमाल आकडा ५० केला. ढिम्म फरक नाही. जावाच्या पूलमध्ये मूळ आकड्याच्या वर नवा थ्रेड तेव्हाच तयार होतो जेव्हा रांग भरते. आमच्या रांगेला मर्यादाच नव्हती, म्हणजे ती कधी भरणारच नाही आणि ते ५० कागदावरच राहणार. मग मूळ आकडाच ५० केला. तीन दिवस बरे गेले. चौथ्या दिवशी वेगळाच एरर: डेटाबेसचं कनेक्शन मिळत नाही, ३० सेकंद वाट बघून सोडून दिलं. डेटाबेसची कनेक्शनं सांभाळणाऱ्या हिकारी पूलमध्ये मुळात १० कनेक्शनं असतात. आमचं "वजन पूर्ण" ट्रान्झॅक्शन (डेटाबेसमधला व्यवहार) उघडून, कनेक्शन हातात धरून मेसेजची वाट बघायचं. थ्रेड वाढवले, तर उपासमार एक पायरी खाली सरकली, एवढंच.

शेवटी जे टिकलं ते सांगतो. पावतीचा पूल वेगळा, मेसेजचा वेगळा. पूलमधलं काम त्याच पूलमधल्या दुसऱ्या कामासाठी थांबणार नाही, हा नियम भिंतीवर लिहून चिकटवलाय. मेसेज आता थेट जात नाही. वजनाच्या ट्रान्झॅक्शनमध्येच एका टेबलात त्याची ओळ पडते, ट्रान्झॅक्शन लगेच बंद होतं, आणि वेगळा वर्कर त्या ओळी सावकाश उचलतो. प्रत्येक बाहेरच्या कॉलला ५ सेकंदांचा टाइमआउट. रांगांना मर्यादा. मेसेज सकाळी गेला तरी चालतं, पावतीवाचून गाडी हलत नाही. हा फरक कोडमध्ये कुठेच दिसत नव्हता.

तुमचे अनुभव लिहा. लॉकच्या (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणाऱ्या कुलपाच्या) बाबतीत मी अजून कच्चा आहे, त्याबद्दल विशेष ऐकायचंय.

---

होटगी_रोड · शनिवार, रात्री ११.५८

दादा, उत्तम लिहिलंय. एक शंका. आठ थ्रेड एकमेकांत अडकून कायमचे थांबले, तर हा डेडलॉक झाला ना? स्टार्व्हेशन कसं म्हणायचं?

---

काटेकरी · रविवार, सकाळी ७.१०

शंका रास्त आहे. शेवटच्या अवस्थेत तो डेडलॉकच. पण जेस्टॅक डेडलॉक शोधून दाखवतं ते लॉकचं वर्तुळ असलं तर: याच्याकडे त्याचं लॉक, त्याच्याकडे याचं. इथे कुणाकडे कुणाचं लॉक नव्हतं. कमी पडली ती थ्रेडची संख्या. म्हणून डंपच्या तळाशी "डेडलॉक सापडला" अशी ओळ येत नाही आणि माणूस पुढे जातो. मी दोनदा पुढे गेलो होतो.

शिवाय गच्च अडकण्याआधीचे दोन-तीन तास शुद्ध स्टार्व्हेशनचे असायचे. काही पावत्या निघायच्या, काही वीस मिनिटं रखडायच्या. क्लार्क सांगत होता, "मधीच येतीय, मधीच येईना." मी ते नेटवर्कवर ढकललं.

---

उजनी_टेल · रविवार, सकाळी ९.३५

लॉकबद्दल विचारलंत म्हणून लिहितो. मी सिस्टिम प्रोग्रामिंग करतो, पण शेत कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला आहे, त्यामुळे स्टार्व्हेशन मला शाळेत असल्यापासून माहीत आहे.

आवर्तन सुटतं, कालव्याला पाणी असतं, वरच्या लोकांची पिकं भिजतात. आकडेवारीत पाणी सुटलेलंच असतं. टेलला मात्र चिखल पण होत नाही, कारण वरचा प्रत्येक जण पाणी दारावरून जाताना दिसलं की दार उघडतो. तो चोर नसतो. त्याला पाणी समोर दिसतंय, माझं शेत दिसत नाही, एवढंच.

साधं लॉक असंच चालतं. लॉक सुटतं त्या क्षणी रांगेत झोपलेला थ्रेड जागा व्हायला वेळ लागतो. तेवढ्यात सीपीयूवर आधीच चालू असलेला एखादा थ्रेड येतो आणि लॉक उचलून नेतो. झोपलेला उठतो, बघतो, परत झोपतो. जावाचं सिंक्रोनाइज्ड, म्हणजे भाषेतलंच साधं लॉक, कुणाला कधी लॉक मिळेल याची हमी देत नाही. रीएंट्रंटलॉक हे जावातलं दुसरं लॉक बनवताना "फेअर" मागितलं तर सगळ्यात जास्त वेळ थांबलेल्याला प्राधान्य मिळतं. त्यातही एक फट आहे: वेळ न देता ट्रायलॉक (मिळालं तर लॉक घ्यायचं, नाहीतर सोडून द्यायचं) केलं तर ते फेअर लॉकमध्येही रांग मोडून घुसतं. शून्य सेकंदांचा वेळ देऊन केलेलं ट्रायलॉक मात्र रांग पाळतं. ही बारीक गोष्ट कोड रिव्ह्यूत हमखास निसटते.

मग सगळीकडे फेअर का नको? याचंही उत्तर कालव्यावर आहे. पाळी ठरवून दिली की कुणाला किती वाजता किती तास ते पक्कं असतं. पण रात्री दोनची पाळी असलेला माणूस झोपेतून उठून बांधावर येईपर्यंत पाणी ओढ्याला जातं. फेअर लॉकमध्येही प्रत्येक वेळी झोपलेल्याला उठवून त्याच्याच हातात लॉक द्यावं लागतं, आणि तो उठेपर्यंत लॉक कुणाच्याच कामाचं नसतं. एकूण काम घटतं, कधी बरंच घटतं.

गो भाषेच्या लोकांनी यावर काढलेला तोडगा मला फार आवडतो. आवृत्ती १.९ पासून, म्हणजे २०१७ पासून, त्यांच्या म्यूटेक्सला, म्हणजे लॉकलाच, दोन चाली आहेत. एरवी समोर असेल त्याने उचलावं, वेगात काम होतं. पण रांगेतला कुणी १ मिलिसेकंदापेक्षा जास्त थांबला की म्यूटेक्स उपासमारीच्या चालीत जातो. मग लॉक थेट रांगेच्या तोंडाशी असलेल्याच्या हातात जातं. नव्याने आलेल्याने लॉक मोकळं दिसलं तरी हात लावायचा नाही, गुमान मागे उभं राहायचं. रांग संपली किंवा पुढचा थोडाच वेळ थांबलेला निघाला की परत नेहमीची चाल. टेलवाल्याची तहान एका मर्यादेपलीकडे गेली की वरची दारं बंद! आमच्या कालव्यावर हे झालं असतं तर वडिलांनी डाळिंब काढून टाकलं नसतं.

आणि फेअर-अनफेअरच्याही आधी एक काम करा: लॉक धरून ठेवण्याचा वेळ कमी करा. लॉक हातात असताना नेटवर्क कॉल, फाईल लिहिणं, मोठं लॉगिंग, काही नको. काटेकरींच्या कनेक्शनचं दुखणं याच जातीचं आहे.

---

वालुकामय · रविवार, दुपारी १२.४०

सर, मी इथेच तिसऱ्या वर्षाला आहे. आम्हाला डायनिंग फिलॉसॉफर्समध्ये (गोल टेबलावर दोघांत एक काटा, जेवायला दोन काटे लागतात, त्या कोड्यात) शिकवलं की एकाने उलट्या क्रमाने काटा उचलला की प्रश्न सुटतो. मग त्यात स्टार्व्हेशन उरतं का? परीक्षेत दोन्ही एकत्र विचारतात.

---

खडू_फळा · रविवार, दुपारी २.०५

उरू शकतं, आणि परीक्षेत इथेच गुण जातात, म्हणून नीट बघ. हा प्रश्न डायक्स्ट्रांनी १९६५ मध्ये परीक्षेसाठीच काढला होता, टेप ड्राइव्हसाठी भांडणाऱ्या कॉम्प्युटरचा. तत्त्वज्ञ आणि काटे ही मांडणी नंतर टोनी होअर यांची.

उलट्या क्रमाने वर्तुळ तुटतं, म्हणजे डेडलॉक जातो. कुणी ना कुणी जेवत राहणार याची खात्री मिळते. पण प्रत्येक जण कधीतरी जेवेल याची खात्री ही वेगळी गोष्ट. मधल्याचे दोन्ही शेजारी आळीपाळीने जेवत राहिले तर मधल्याला दोन्ही काटे एकदम मोकळे कधीच सापडणार नाहीत. ताट समोर, भूक आहे, कुणाचं भांडण नाही, आणि तो उपाशी. डेडलॉकमध्ये सगळेच थांबतात म्हणून तो दिसतो. स्टार्व्हेशनमध्ये बाकीचे चालू असतात, त्यामुळे एकूण आकडे चांगलेच दिसतात.

लॅम्पोर्ट यांचा १९७४ चा बेकरी अल्गोरिदम वाच. दुकानात शिरताना प्रत्येकाने टोकन घ्यायचं, लहान आकड्याला आधी. दोघांना एकच आकडा मिळू शकतो, तेव्हा ज्याचा स्वतःचा क्रमांक लहान तो आधी. त्यात कुणी अनंतकाळ थांबत नाही, आणि ते का हे स्वतःच्या शब्दांत लिहिता आलं की तुला विषय कळला.

प्रायॉरिटीचंही लिहून ठेव. वरच्या प्रायॉरिटीचं काम येतच राहिलं तर खालचं कधीच चालत नाही. उपाय एजिंग: जो जितका जास्त थांबला तितकी त्याची प्रायॉरिटी चढवत न्यायची. विंडोज हे खरंच करतं, साधारण ४ सेकंद तयार असून सीपीयू न मिळालेल्या थ्रेडला ते तात्पुरतं वर उचलतं. लिनक्समध्ये रिअल-टाइम कामांना मुळातच दर सेकंदातले ०.९५ सेकंद मिळतात, उरलेला तुकडा बाकीच्यांसाठी राखून ठेवलेला असतो. आणि जावामधल्या सेटप्रायॉरिटीवर भिस्त ठेवू नकोस. लिनक्सवर जेव्हीएम (जावाचे प्रोग्राम चालवणारी यंत्रणा) ती मुळात मनावरच घेत नाही.

---

वालुकामय · रविवार, दुपारी २.३१

कळलं सर. मधल्याचं उदाहरण आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आभारी आहे.

---

हुतात्माने_पुणे · रविवार, सायंकाळी ६.५०

मी माहेरची सोलापूरची, नोकरी पुण्यात, नोडवर (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या यंत्रणेवर) काम. आमच्याकडे समज असा की नोडमध्ये एकच थ्रेड, त्यामुळे हा विषय आपला नाहीच. तो समज महागात पडला.

नोडच्या पोटात लिबयूव्हीचा थ्रेड पूल असतो आणि त्यात मुळात फक्त ४ थ्रेड असतात. फाईलचं काम, पासवर्डचं हॅशिंग (तो ओळखता न येणाऱ्या रूपात बदलणं), झिप करणं, आणि होस्टचं नाव शोधायचं डीएनएस लुकअप, सगळं त्या चौघांवर. एका सोमवारी सकाळी सगळ्यांनी एकदम लॉगिन केलं. चारही थ्रेड पासवर्ड हॅश करण्यात बुडाले. आणि बंद काय पडलं? पेमेंट. कारण पेमेंटच्या सर्व्हरचा पत्ता शोधायचं काम त्याच चौघांच्या रांगेत मागे उभं. लॉगिन आणि पेमेंट यांचा आमच्या कोडमध्ये काडीचा संबंध नाही, म्हणून आम्ही दिवसभर पेमेंटवाल्यांशी भांडत बसलो. त्यांची चूक नव्हती, नंतर मी स्वतः फोन करून सांगितलं.

पूलचा आकडा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने वाढवता येतो, तो आम्ही वाढवला. पण खरा गुण आला तो हॅशिंग वेगळ्या प्रोसेसमध्ये नेल्यावर. काटेकरी दादांनी पावती आणि मेसेज वेगळे केले तसंच.

---

होटगी_रोड · रविवार, रात्री ८.१५

जावा २१ चे व्हर्च्युअल (जावाच सांभाळते असे हलके) थ्रेड घेतले की हे सगळं मिटेल का? लाखो थ्रेड करता येतात म्हणे.

---

उजनी_टेल · रविवार, रात्री ९.००

थ्रेड कमी पडण्याचा प्रश्न मिटतो. काटेकरींची पहिली अडचण, आठ जागांची, त्यात आलीच नसती. दुसरी मात्र जशीच्या तशी आली असती, उलट लवकर आली असती. कनेक्शनं १० च आहेत आणि त्यांच्यासमोर आता पन्नासऐवजी पाच हजार थ्रेड उभे राहतील. चारी रुंद केली म्हणून धरणातलं पाणी वाढत नाही. जिथे खरी टंचाई आहे तिथे सेमाफोर लावून आत किती जणांना सोडायचं ते ठरवावंच लागतं.

आणखी एक. २१ मध्ये सिंक्रोनाइज्डच्या आत थांबलेला व्हर्च्युअल थ्रेड खालच्या खऱ्या थ्रेडला धरून बसतो. खरे थ्रेड मुळात कोअरइतकेच, त्यामुळे थोड्याच जणांनी धरलं तरी सगळं ठप्प. जावा २४ मध्ये हे दुरुस्त झालं. जुन्या लायब्ररी वापरत असाल तर थेट २४ किंवा पुढची आवृत्ती घ्या.

---

मंगळवेढा_ज्वारी · रविवार, रात्री १०.२२

प्रायॉरिटीवरून आठवलं. १९९७ चं पाथफाइंडर यान मंगळावर उतरल्यावर आपोआप रीसेट होत होतं. हवामानाची माहिती गोळा करणारं खालच्या प्रायॉरिटीचं काम म्यूटेक्स धरून असायचं, वरच्या प्रायॉरिटीचं बसचं (यानाच्या भागांमधल्या माहितीच्या वाटेचं) काम त्या म्यूटेक्ससाठी थांबायचं, आणि मधल्या प्रायॉरिटीची कामं येऊन खालच्याला चालूच द्यायची नाहीत. वरचं काम वेळेत झालं नाही म्हणून वॉचडॉग सगळी यंत्रणा रीसेट करायचा. पृथ्वीवरच्या प्रतिकृतीवर तो प्रकार पुन्हा घडवून आणला, आणि म्यूटेक्सवर प्रायॉरिटी इनहेरिटन्स चालू करून दुरुस्ती इथून पाठवली. ज्याच्या हातात लॉक, त्याला थांबलेल्याची प्रायॉरिटी तेवढ्यापुरती उसनी द्यायची.

काटेकरींचा दर तीन तासांचा रीस्टार्ट आणि तो वॉचडॉग एकच काम करत होते.

---

काटेकरी · सोमवार, सकाळी ८.४०

ही तुलना वाचून दोन मिनिटं गप्प बसलो. खरं आहे.

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, डीएनएसचं वाचून आमचा पावती छापणारा भाग तपासला, तोही नोडवर आहे आणि चारच थ्रेड आहेत. आज बदलतो.

एक नवीन गोष्ट विचारतो. पुढच्या हंगामात मालकांना स्क्रीनवर "सर्व्हर ठीक आहे" असा हिरवा दिवा हवाय. सीपीयू आणि सरासरी वेळ दाखवू का? त्या चार रात्रींत दोन्ही आकडे चांगलेच होते, म्हणून धीर होत नाही.

---

उजनी_टेल · सोमवार, सकाळी ९.१५

सरासरी नको. कालव्यावरही सरासरीत पाणी सगळ्यांना मिळतं. रांगेतलं सगळ्यात जुनं काम किती सेकंदांपासून थांबलंय तेवढं एकच दाखवा, प्रत्येक पूलचं वेगळं. पावतीचं १० सेकंदांच्या वर गेलं की दिवा लाल, आणि लाल झाल्याबरोबर आपोआप तीन थ्रेड डंप, मध्ये पाच-पाच सेकंद सोडून. एका डंपवरून कळत नाही की थ्रेड अडकलाय की नुसता तिथून जात होता. रीस्टार्टचं बटण डंप झाल्यावरच चालेल असं करा.

---

काटेकरी · सोमवार, सकाळी ९.३२

हे आजच लिहायला घेतो. बैलगाडीच्या काट्याचा पूल पण वेगळा करतोय. त्यांच्या नोंदी कमी असतात, ट्रॅक्टरच्या गर्दीत त्याच सगळ्यात मागे पडत होत्या. जुन्या लॉगमध्ये काल रात्री शोधलं, सगळ्यात जास्त थांबलेली पावती एका बैलगाडीची होती. ४७ मिनिटं.